मधला पत्रा

सुमनताईचा फोन आला आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. टेक्सासात पाली पुष्कळ आहेत, पण त्या बिचाऱ्या गॅरेजच्या दिव्यापाशी गप्प बसून असतात. चुकचुकते ती मी गावाहून सोबत आणलेली.

“अगं, घर विकायला लिस्ट केलंय. पुढच्या महिन्यात क्लोजिंग आहे,” ती म्हणाली. “आमचे डॉक्टर गेल्यापासून एवढं मोठं घर मॅनेज होत नाही. मी ॲन आर्बरला मुव्ह होतेय, लेकीकडे, नेहाकडे. तू एकदा येऊन जा. यांनी जमवलेली पुस्तकं आहेत, तुझ्या बाबांच्या विषयातली. सगळे जुने राजेराण्या. तू नेली नाहीस तर डोनेट करणार बघ.”

सुमनताई आमच्या गावची, आमच्या शेजारच्या घरातली. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. लग्न करून थेट अमेरिकेत आली, आणि मी बऱ्याच वर्षांनी नोकरी धरून आले. गेली पंचवीस वर्षं ती शुगर लँडला आणि मी फ्रिस्कोत, गाडीनं साडेचार तासांच्या अंतरावर. या पंचवीस वर्षांत मी तिच्या घरी किती वेळा गेले? एकदाही नाही. मंडळाच्या गणपतीत भेटलो की ती म्हणायची, “कधी येतेस?” मी म्हणायचे, “येते हं एकदा.” आणि गाडीत बसल्यावर सुटकेचा श्वास टाकायचे.

कारण सांगायला लाज वाटते, पण सांगते. तिच्या नवऱ्याला मी चोर समजत होते. आणि माझ्या बाबांना त्याचा साथीदार. हे मी कुणाजवळ कधी बोलले नाही, पण माझे बाबा चोर होते की नव्हते, या एका प्रश्नाभोवती माझं निम्मं आयुष्य घुटमळत राहिलं.

“आत्ताच का बोलावतेय ही?” मी फोन ठेवून मोठ्यानं म्हणाले. “कुठंतरी पाणी मुरतंय.”

माझा मुलगा लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाला, “मॉम, शी इज जस्ट गिव्हिंग यू बुक्स.”

त्याला काय सांगणार? संशय आमच्या घरचा पिढीजात धंदा आहे, आणि तो मला बाबांनीच शिकवला.

बाबा आमच्या घाटाखालच्या गावात हायस्कूलला इतिहास शिकवायचे. पण त्यांचा खरा जीव शिलालेखांत आणि ताम्रपटांत. पंचक्रोशीत कुठं अक्षरांचा दगड निघाला, कुठं देवळाच्या पायरीवर रेघोट्या दिसल्या, की लोक मास्तरांना बोलवायचे. बाबांच्या सायकलच्या कॅरिअरला कागदाची गुंडाळी, हँडलला पाण्याची कळशी आणि पिशवीत एक राठ केसांचा ब्रश. दगड धुऊन घ्यायचा, ओला कागद त्यावर पसरायचा, आणि ब्रशनं हलके हलके ठोकत राहायचं, कागद अक्षरांच्या खाचांत उतरेपर्यंत. टप टप टप टप. कागद आंबट-ओला होऊन जायचा. थोडा सुकला की काजळीच्या शाईचा बोळा फिरवायचा. मग काळ्या कागदावर पांढरी अक्षरं उमटायची, गोल गोल, जिलब्यांसारखी. याला ठसा म्हणतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या ओसरीवरच्या दोरीवर कपडे कमी आणि ठसे जास्त वाळत असायचे. काजळीचा वास, ओल्या कागदाचा वास आणि आईच्या फोडणीचा वास यांतलं एकेक वेगळं काढणं मला अजून जमत नाही. कुठं प्रिंटरची काडतुसं बदलताना बोटं काळी झाली तरी मला भूक लागते.

लेख संपूर्ण वाचून झाला की बाबा एक नारळ फोडायचे. “झाला मोकळा,” असं दगडाला उद्देशून म्हणायचे. मग तो दगड लोकांनी देवळात ठेवावा, बांधाला लावावा, बाबांचं काही म्हणणं नसे. आईला तेवढंच कळायचं. नारळ फुटला म्हणजे काम संपलं, आता खोबऱ्याची वाटली डाळ करायची.

राजे आमच्या घरात नातेवाइकांसारखे वावरायचे. आंघोळ करताना बाबा स्तोत्रं म्हणायचे नाहीत, वंशावळी म्हणायचे. पुलकेशी, त्याचा मुलगा विक्रमादित्य, त्याचा मुलगा विनयादित्य. पाण्याच्या एकेका तांब्याला एकेक राजा. हिवाळ्यात पाणी कढत असलं की चालुक्य संपून राष्ट्रकूट सुरू व्हायचे, आणि आई बाहेरून ओरडायची, “पुरे झाले राजे, बंब विझतोय!”

आणि या नातेवाइकांवर काडीचा विश्वास ठेवायचा नाही, हा घरचा नियम. “चालुक्यांच्या ताम्रपटात काय लिहिलंय? आम्ही पल्लवांना धूळ चारली. पल्लवांच्या ताम्रपटात? आम्ही चालुक्यांना पळवलं,” बाबा मला मांडीवर घेऊन सांगायचे. “मग खरं कोण?” मी म्हणायचे, “दोघंही खोटारडे.” बाबा खूश. राष्ट्रकूटांच्या ध्रुव राजानं थोरल्या भावाला बाजूला सारून गादी घेतली, आणि कौतुक मात्र असं लिहून घेतलं की जणू लक्ष्मीच त्याच्या घरी चालत आली. बनावट ताम्रपटही असायचे. जमिनीवर हक्क सांगायला दोन-तीनशे वर्षांनी कुणीतरी नवे पत्रे कोरून जुन्या राजाच्या नावावर खपवायचा. ते कसे ओळखायचे हेही बाबांनी शिकवलं. अक्षर राजाच्या काळाचं आहे का बघायचं. तिथी-वार जुळतात का बघायचं. आणि सगळं फारच छान जुळत असलं तर आणखी एकदा बघायचं.

राण्यांवर मात्र त्यांचा राग नव्हता. त्यांच्यासाठी एक वेगळी वही होती, शाळेच्या हजेरीपटाच्या कागदांची शिवलेली. राण्या फार थोड्या सापडतात, ते म्हणायचे. सापडल्या तरी अमक्याची बायको आणि तमक्याची आई म्हणून. पण काही ठसठशीत. पट्टदकलला एकीहून एक सरस देवळं बांधणाऱ्या दोघी सख्ख्या बहिणी, एकाच राजाला दिलेल्या. ध्रुवाची राणी शीलमहादेवी, जिनं जमीन दान करताना नवऱ्याची परवानगी घेतल्याचं कुठं लिहिलेलं नाही. आणि आमच्या कोकणातली विजयभट्टारिका, पुलकेशीची सून, जिनं दानपत्रावर स्वतःच्या राज्याचं वर्ष घातलं. “स्वतःच्या,” बाबा बोट वर करून म्हणायचे. आई स्वयंपाकघरातून ऐकत असायची. तिचं ऐकणं कळायचं, कारण तेवढा वेळ भांड्यांचा आवाज बंद व्हायचा.

मी अकरा वर्षांची होते त्या मार्गशीर्षात खालच्या वाडीत विहीर खणताना ताम्रपट निघाला. तांब्याचे तीन पत्रे, हिरवे झालेले, एका जाड कडीत ओवलेले. कडीवर वराहाची मुद्रा, म्हणजे चालुक्यांची खूण. कडी सोन्याची असेल म्हणून खणणाऱ्यांनी आधीच कापून बघितलेली. तहसीलदारांनी पंचनामा केला, आणि मुंबईहून पुरातत्त्व खात्याचे अधिकारी येईपर्यंत पत्रे बाबांच्या ताब्यात दिले, कारण पंचक्रोशीत वाचता येणारे ते एकटेच.

अशा पटात पहिल्या पत्र्यावर राजांची स्तुती असते, तिसऱ्यावर शाप. दिलेलं दान जो परत घेईल तो साठ हजार वर्षं घाणीतला किडा होईल, अशासारखे. मधल्या पत्र्यावर खरी गोष्ट असते: कुणी दिलं, काय दिलं, कुणाला दिलं. बाबांनी पहिल्याचे आणि तिसऱ्याचे ठसे काढले आणि ते दोन्ही कापडात बांधून ट्रंकेत ठेवले. मधला त्यांनी शेवटी घेतला. त्याच्या दोन्ही बाजू कोरलेल्या होत्या, आणि ठसा काढायच्या आधी ते तो भिंतीशी उजेडात धरून दोन दिवस नुसते बघत बसले होते. रात्री तो फडताळात, ताटांशेजारी.

एका संध्याकाळी ते जेवायला बसता बसता म्हणाले, “राणी आहे. देणारी राणी आहे. नावही लागलं.”

आईचा वाढायचा हात थांबला. “नवऱ्यानं द्यायला सांगितलं असेल.”

“छे. हिच्या पत्र्यात नवरा नाहीच.”

“म्हणजे स्वतःच्या नावानं दिलं तिनं?”

“स्वतःच्या नावानं.”

बाबा इतके खुशीत होते की पानावरून उठून त्यांनी नारळ फोडला. ते नाव त्यांनी त्या संध्याकाळी दोनदा उच्चारलं असेल. मी ऐकलं आणि विसरले. अकरा वर्षांच्या मुलीला वाटतं, नावं काय, उद्या पुन्हा विचारू.

त्याच आठवड्यात सुमनताईचं लग्न. नवरा अमेरिकेतला डॉक्टर, भूल देणारा. गळ्यात कॅमेरा. गावातल्या पोरींना वाटलं सिनेमातला हिरोच आला. तो शेजारधर्म म्हणून आमच्याकडे चहाला आला, आणि बाबांनी त्याला पत्रे दाखवले. तो जमिनीवर उकिडवा बसून तासभर बघत होता. जाताना त्यानं खिशातून एक भिंग काढून बाबांना दिलं. काय भिंग होतं ते! बटण दाबलं की आतून दिवा लागायचा. बाबांनी आधी नको नको केलं, मग लहान मुलासारखं हातात घेतलं. त्या दिवशी आमच्या घरातली एकूण एक वस्तू, मुंगीपासून आईच्या मंगळसूत्रापर्यंत, त्या भिंगाखालून गेली.

सुमनताई निघाली ती गुरुवारी. मला तो दिवस वासांनी आठवतो. मागच्या अंगणात आई चिंचेनं तांबं घासत होती. सगळीकडे आंबट ओला वास, न्हाणीपाशी पाटीत नारळ, केळीच्या पानात झाकलेली अबोली. सुमनताई हिरव्या साडीत नमस्काराला आली आणि आईनं तिची ओटी भरली. आईच्या डोळ्यांत पाणी. मला कंटाळा आला म्हणून मी जीपपाशी धावले. जीपच्या पेट्रोलचा वास मला तेव्हा जगातला सर्वांत श्रीमंत वास वाटायचा.

शनिवारी खात्याच्या अधिकाऱ्यांचा निरोप आला. बाबांनी फडताळ उघडलं. “मधला नाही,” ते म्हणाले. एवढंच. मी त्यांच्याकडे बघत होते. आमच्याकडे एक चमचा हरवला तरी घर उलटंपालटं व्हायचं. पण त्या दिवशी बाबांनी शोधलंच नाही. ते आत गेले, आईशी हळू आवाजात काही बोलले आणि ओसरीवर येऊन बसले. शोधत का नाहीत? मी त्यांचीच शिष्या. अक्षर जुळत नव्हतं, तिथी जुळत नव्हती. ज्याला हरवलेलं कुठं गेलं ते माहीत असतं, तोच शोधत नाही.

आणि ते भिंग. पत्रा गेला त्याच आठवड्यात घरात आलेलं परदेशी भिंग. मी दोन आणि दोन चार केले.

मुंबईचे अधिकारी सभ्य होते. त्यांनी बाबांचा जबाब लिहून घेतला: माझ्या ताब्यातून गहाळ. त्यांची नजर टेबलावरच्या भिंगावर गेली. त्यांनी मला जवळ बोलावून गोड आवाजात विचारलं, “छान आहे की! हे कुणी दिलं ग बाळ?”

“अमेरिकेच्या नवऱ्यानं,” मी म्हणाले. “पत्रे बघून झाल्यावर.”

त्यात एकही शब्द खोटा नव्हता. पण मी तो कसा उच्चारला ते मला ठाऊक आहे, आणि बाबांनाही कळलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. वर्गात हुशार मुलानं उत्तर चुकवल्यावर मास्तर बघतात तसं.

पुरावा नव्हता म्हणून पुढं काही झालं नाही. पण गावाला पुरावा कशाला लागतो? “मास्तरांनी राणी विकली,” असं लोक म्हणू लागले, आधी हळू, मग चारचौघांत. बाबांच्या हातात पुन्हा कुणी दगड दिला नाही. खात्यानं पहिला आणि तिसरा पत्रा नेला. त्यांच्या अहवालात दान देणाऱ्याचं नाव अज्ञात राहिलं, कारण बाबांनी ते सांगितलं नाही. जे दाखवता येत नाही ते लिहू नये, हा त्यांचा दंडक. ब्रश ओसरीच्या खुंटीवर सुकला, शाईवर साय धरली. न्हाणीतून नुसता पाण्याचा आवाज येऊ लागला. त्यांच्या मांडीवर बसायचं माझं वय तसंही संपलंच होतं, पण मी जरा लवकर उठले. पुढं कॉलेज, नोकरी, व्हिसा. मी दर दोन वर्षांनी घरी जायचे, त्यांना स्वेटर न्यायचे, ब्लडप्रेशर मोजायचं मशीन न्यायचे. बाबा गेले तेव्हा विमानात मी रडले ते खरं, पण रडतानाही आत एक कारकून बसून लिहीत होता: का केलंत तुम्ही असं?

शुगर लँडला पोचले तेव्हा सुमनताई दारातच उभी होती. आता तीही वाकलीय. हॉलभर खोके, प्रत्येकावर मार्करनं लिहिलेलं: नेहा, डोनेट, मंडळ. पुस्तकांचे तीन खोके माझ्यासाठी वेगळे ठेवलेले. मी एकेक पुस्तक उघडून बघत होते, आणि खरं सांगायचं तर पुस्तकं बघत नव्हते, पुरावे बघत होते. एखादा फोटो, एखादं पत्र, बाबांची सही. डॉक्टरांनी चालुक्यांवरचं, राष्ट्रकूटांवरचं मिळेल ते सगळं आणून पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या. एवढी गोडी याला कशी लागली? चोराच्या मनात चांदणं, मी मनात म्हटलं.

“चहा टाकते,” सुमनताई म्हणाली. “बस. की आधी देवाला नमस्कार करतेस? देव अजून पॅक नाही केले.”

अमेरिकेतल्या आपल्या घरांत देव बहुधा पँट्रीत असतात, डाळ-तांदळाच्या शेजारी. सुमनताईनं पँट्रीचं दार उघडून दिवा लावला. आत चिंचेचा वास होता. वरच्या फळीवर गणपती, बाळकृष्ण, अन्नपूर्णा. आणि त्यांच्या खाली, पाटासारखा ठेवलेला, लखलखीत घासलेला एक तांब्याचा पत्रा. कडा किंचित उचललेल्या. डाव्या बाजूला मधोमध एक गोल भोक, जाड कडी जाईल एवढं.

पंचेचाळीस वर्षं ज्याचा संशय धरला तो माल समोर. म्हणजे होतं तर. विकला तर.

“सुमनताई,” मी म्हणाले, “हे कुठून आलं तुमच्याकडे?”

ती गॅसपाशी वळली. जराही दचकली नाही. “तुझ्या आईनं दिलं की. ओटीत.”

“आईनं?”

“मी निघाले त्या दिवशी. याच्यावरच खण-नारळ ठेवून दिलं होतं. अगं, तुला माहीत नाही? मला वाटलं तुला एव्हाना कुणी सांगितलं असेल. तू येत नव्हतीस ते मला वाटायचं, तुझी नोकरी, तुझं बिझी शेड्यूल.”

मी खाली बसले, पँट्रीच्या उंबऱ्यातच. सुमनताईही सावकाश गुडघे धरत माझ्याजवळ बसली आणि सांगू लागली.

“मला इथं आल्यावर सहा वर्षं काही कळलंच नाही ग. तेव्हा फोन कुठं होते! पहिल्यांदा इंडियाला जायचं ठरलं, तेव्हा माझ्या आईनं पत्रात लिहिलं, मास्तरांवर असा असा आळ आलाय, जाऊन भेट. यांनी पत्र वाचलं नि देवघरात जाऊन पत्रा उलटा करून बघितला. ओळखला त्यांनी. म्हणाले, सुमन, बॅगेत घाल. मी हा पत्रा साडीत गुंडाळून घेऊन गेले होते. तुझ्या बाबांच्या पुढ्यात ठेवला. म्हटलं, मास्तर, घ्या. जाऊन सांगा सगळ्यांना.”

“मग?”

“हातसुद्धा लावला नाही. म्हणाले, ओटीत घातलेलं परत घेत नाहीत, सुमन. आणि मी जन्मभर शाप वाचलेत, साठ हजार वर्षं किडा कोण होणार? हसले हं ते. मग म्हणाले, आता परत दिला तर लोक म्हणतील, पकडला गेला म्हणून दिला. राहू दे तिकडे. पूजा होतेय ना? मग झालं. यांना इतकं लागलं ते मनाला. तेव्हापासून ही पुस्तकं.” तिनं डोळे पुसले. “मी आठवड्याला घासते बघ. चिंच-मीठ लावून. बाईच्या हातचं आहे, काळं पडू द्यायचं नाही.”

मी देव बाजूला केले आणि पत्रा उचलला. जड होता. वरची बाजू पंचेचाळीस वर्षांच्या चिंचेनं इतकी गुळगुळीत झालेली की अक्षरांच्या जागी नुसत्या सावल्या. उलटा केला. खालची बाजू हिरवीकाळी, आणि कडेपासून कडेपर्यंत गोल गोल अक्षरांनी भरलेली. सगळी शाबूत. मला त्यातलं एकही वाचता येईना. मी त्यांच्यावरून बोट फिरवत राहिले आणि हुंदके देऊन रडले. सुमनताईनं मला रडू दिलं. चहा उकळून उकळून आटला.

“आता हा तू ने,” ती नंतर म्हणाली. “माझं ऐक. मास्तरांचं नाव क्लिअर होऊ दे.”

मी म्हटलं, सध्या इथंच राहू दे. ॲन आर्बरला विद्यापीठ आहे, ही लिपी वाचणारं कुणी भेटलं तर आधी खालची बाजू वाचून घेऊ, ठसा काढू, मग हा भारतात रीतसर पोचवू. सुमनताईनं मान डोलावली. देव पुन्हा त्यावर बसले. या खेपेला पत्रा आम्ही अक्षरांची बाजू वर करून ठेवला, आणि त्यांवर चिंच लावायची नाही असं मी तिच्याकडून कबूल करून घेतलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी आठला मी तिच्या मागच्या अंगणात गेले आणि आईला फोन लावला. तिथं संध्याकाळ, दिवेलागणीची वेळ. आई आता भावाकडे सांगलीला असते. पंच्याऐंशीची आहे, कान थोडे गेलेत, बाकी खणखणीत.

“आई, मी सुमनताईकडे आलेय. मधला पत्रा बघितला.”

पलीकडे तिनं टीव्हीचा आवाज बंद केला. मग ती म्हणाली, “चकचकीत ठेवलाय का तिनं?”

“आई, तू का दिलास?”

“मला वाटलं, वाचून झालंय. नारळ फोडला होता ना त्यांनी. ते दोन ट्रंकेत होते, हा ताटांपाशी. मोकळा झाला असंच वाटलं मला. आणि दुसरं सांगू? त्याच आठवड्यात त्यांनी सांगितलं होतं, राणीनं स्वतःच्या नावानं दिलं. माझ्या हातून आयुष्यात काही माझं म्हणून दिलं गेलं नव्हतं बाई. पोर सातासमुद्रापार चालली होती. म्हटलं, एकदा आपणही द्यावं.”

“बाबा काय म्हणाले?”

“मी शनिवारी सांगितलं तेव्हा? बसून राहिले. मग म्हणाले, एका राणीनं दिलं, दुसऱ्या राणीनं पुढं दिलं, मधे कारकुनानं बोलू नये. मी म्हटलं, मी जाऊन सांगते साहेबांना. नको म्हणाले. नवी नवरी चोरीचा माल घेऊन परदेशी गेली म्हणतील, तिचं सासर तिला धड जगू देणार नाही. माझं काय, मी मास्तर आहे, मला लोकांची सवय आहे.”

सुमनताईच्या कुंपणावर दोन खारी एकमेकींच्या मागे पळत होत्या. मला आईचा राग आला, खूप आला.

“आणि मला? मला का नाही सांगितलंत तुम्ही दोघांनी? मी काय साहेब होते? पंचेचाळीस वर्षं, आई! मी त्यांना चोर समजत होते.”

“माहीत होतं त्यांना,” आई म्हणाली. “मी म्हणायचे, सांगून टाकू पोरीला. ते म्हणायचे, नको, मीच तिला शिकवलंय की सांगितलेल्यावर विश्वास ठेवायचा नाही. आपण होऊन सांगितलं तर तिला ते बनावट वाटेल. तिनं विचारलं पाहिजे. ती विचारेल तेव्हा सगळं सांगेन, राणीचं नावसुद्धा.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“तू दर खेपेला यायचीस,” आई म्हणाली. “तुला विमानात बसवून आम्ही घरी यायचो. चपला काढायच्या आधी विचारायचे मला, काही विचारलं का ग तिनं तुला? मी म्हणायचे, अजून नाही.”